फाटकाबाहेर उभा असलेला टँकर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय प्रमोदिनीताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या मंडळाचे तरुण अध्यक्ष हिमांशू, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

शाळेतून निवृत्त होऊन मी आता माझ्या गावी, देवगाव रंगारीला, कायमचा निघालो आहे. त्यासाठी तुम्ही पंधरा ऑगस्टचा मुहूर्त साधलात, शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. प्रमोदिनीताई तर इतकं चांगलं बोलल्या, की हे बन्सी गुरुजी कोण, अशी मलाच शंका आली. मी आभारी आहे. पण मला राग आलेला आहे, तोही आता ऐकून घ्या.

भाषणं संपली की मैदानावर म्हणे 'देशभक्तीपर रेनडान्स' आहे. पावसानं पाठ फिरवलेल्या श्रावणात, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या कॉलनीत, तीन रंगांच्या पाण्यात नाच! त्याचा टँकर फाटकाबाहेर उभा आहे. मघाशी आत येताना मी ड्रायव्हरला सहज विचारलं, "कडुबा, कुठून भरलास रे?"

तो म्हणाला, "शहराजवळ कुठं राह्यलंय पाणी, गुरुजी? लई लांबून आणलं. देवगावच्या शिवारातून. विश्वजीतभाऊची विहीर हाय."

विश्वजीत माझा पुतण्या. आणि विहीर माझी नि माझ्या थोरल्या भावाची, सामाईक.

कालच लक्ष्मीबाई वहिनींचा, म्हणजे या विश्वजीतच्या आईचा, फोन आला होता. "भाऊजी, इहिरीनं तळ गाठला. वस्तीला घरटी दोन हंडे ठरवून दिलेत. म्हादेवाची गळती बी उतरवली." गळती म्हणजे पिंडीवर थेंब थेंब पाणी धरणारं तांब्याचं भांडं. श्रावणात ते कधी रिकामं राहत नाही. यंदा गावानं देवळात बसून ठरवलं, आणि पुंडलिक गुरवानं स्वतःच्या हातानं ते खाली काढलं. ओल्या फडक्यानं पिंड पुसतो आणि पूजा आटोपतो. मी विचारलं, "कुणी काही म्हणालं नाही?" तर वहिनी म्हणतात, "म्हणायचं काय त्यात? लेकरं तहानेली ठिवून देव आंघूळ करतो व्हय?"

आणि इथं? आज झेंडावंदन उरकल्यावर आपल्या मुलांनी फाटकावरच्या कटआउटला अभिषेक केला. कुणाच्या? सिनेमात सैनिकाचा गणवेश घातलेल्या एका नटाच्या! वरून याच टँकरमधल्या घागरी ओतल्या आणि महादेवाची आरती म्हटली, तीही सिनेमाच्या चालीवर. चालीचं मला काही वाटत नाही, मीही तरुणपणी शिट्ट्या मारून सिनेमे पाहिलेत. पण तिकडे देवानं सोडलेलं पाणी इकडे पुठ्ठ्यावर ओतायचं, आणि वर त्याला देशभक्ती म्हणायचं? कुठला देश? देवगावची वस्ती या देशात येते की नाही?

हसू नका. हसण्यासारखं मी काही बोललेलो नाही. हिमांशू, तूही घड्याळाकडे बोट दाखवू नकोस, मी आटपतच आलोय.

या हॉलच्या दारातूनच मी विश्वजीतला फोन लावला. "काका, आईला नका सांगू," एवढंच म्हणाला. आई हंडे वाटून देते, आणि तिचा डोळा चुकवून मुलगा विहिरीवर मोटार लावून टँकर भरतो! वस्तीचं प्यायचं पाणी त्यानं तुम्हाला नाचायला विकलं. त्याचं काय करायचं ते मी घरी गेल्यावर बघेन. तुमचं काय, ते इथंच सांगतो.

टँकर आता पुन्हा खोलायचा नाही. मंडळाचा जो खर्च झाला तो मी भरून देईन, कडुबाशी माझं बोलणं झालंय. मला गावी सोडायला तुम्ही फुलांनी सजवलेली गाडी आणली आहे, ती राहू द्या. मी कडुबाच्या शेजारी बसून जाणार आहे. हे श्रीफळ महादेवापुढे फोडीन, आणि शाल पुंडलिकाच्या खांद्यावर घालीन.

एवढी वर्षं तुम्ही मला आपलं मानलंत, ते मी विसरणार नाही. माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल, तर म्हाताऱ्याचं कमी-जास्त पोटात घाला. आणि फाटकापाशी ज्यांनी गाड्या लावल्या आहेत, त्यांनी कृपा करून तेवढ्या बाजूला घ्याव्यात. वहिनींना मी सगळं सांगितलंय. वस्ती हंडे घेऊन वाटेवर उभी आहे.