झेडवाला बोर्ड

(वर्ध्यातलं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यातली दुपार. काउंटरवर एक उघडलेला कॅबिनेट. दुकानदार नागसेन, आंजीहून आलेले अण्णाजी आणि त्यांची पुण्याला राहणारी मुलगी अपेक्षा.)

अण्णाजी : हिच्या मायच्या तेरवीच्या दिवशी समजलं ना बावा मले, का मशीन बी गेलं म्हनून. पंगत उठली अन् ओमप्रकाश हात धुता धुता म्हनते, अण्णाजी, आज विषय काढू नाई, पन आमच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ झाला का? म्हटलं, पाहतो. आत गेलो, बटन दाबलं. काईच नाई.

नागसेन : पंखाबी नाई फिरला?

अण्णाजी : पंखा नाई, लाइट नाई. पुन्हा दाबलं. मंग तिच्याच खुर्चीवर बसून राह्यलो. लोकं बाहेर पानासाठी थांबलेले.

अपेक्षा : मला वाटलं, बाबांना चक्कर आली.

नागसेन : मले त काकू गेल्याचं समजलंच उशिरा. नाई त आलो असतो, काका. फोनवर एकदम ठीक बोलत होत्या. दर वेळी एकच सवाल, नागसेन, झेडवाला भेटला का?

अपेक्षा : झेडवाला म्हणजे काय?

नागसेन : बोर्ड, ताई. मदरबोर्ड. हा काकूचा प्रोसेसर पाहा, जुना हाये, पण नंबरच्या शेवटी के हाये. केवाल्याची स्पीड आपल्याले वाढवता येते. कंपनीनं जेवढी देली त्याच्याहून जास्त. ओव्हरक्लॉक म्हणते त्याले. पण बोर्डानंबी तशी सोय द्यायले पाहिजे. नंबरात झेड असलेले बोर्ड देते. काकूपाशी होता एचवाला. तो देत नाई.

अण्णाजी : शंकरपटात पळनारा बैल, अन् जुपला घान्याले. तीच म्हने असं.

अपेक्षा : मग असला प्रोसेसर घेतलाच कशाला तिनं?

अण्णाजी : नागपूरले एक फोटो स्टुडिओ बंद झाला, तिथं हा एकटाच भेटला. म्हने, हा त घेऊन ठेवू, बोर्ड मागून पाहू. पोरगी लहान असते तवाच लोकं भांडे घेऊन ठेवते ना, तसं.

अपेक्षा : माझ्या लग्नाची भांडी अजून माळ्यावरच आहेत, बाबा.

अण्णाजी : तू नेली नाई. त्याले मी काय करू?

नागसेन : काका, इकडं पाहा जरा. हे पांढरं दिसते का? प्रोसेसरच्या बाजूनं? क्षार हाये हा. अन् खालच्या सोल्डरच्या टाक्यायले जंग लागला. मशीन कूलरजवळ ठेवत होते का?

अपेक्षा : जवळ? आई कूलरचं तोंडच त्याच्याकडे करून ठेवायची. बाजूचा पत्रा काढून. स्वतः घामानं निथळायची आणि कम्प्युटरला गार वारा! मी फोनवर किती वेळा सांगितलं, की ती ओली हवा...

अण्णाजी : कूलर मी ठेवलता.

अपेक्षा : बाबा, तुम्ही कुठे? आईच...

अण्णाजी : मी ठेवलता म्हनलं ना! जे आता बोलू शकत नाई, तिच्यावर कायले ढकलता?

नागसेन : जाऊ द्या, काका. बोर्डाचं वयबी झालंच होतं. कशानंही गेला असता.

अण्णाजी : खोटं नको सांगू, नागसेन. मले बरं वाटावं म्हनून खोटं बोलून राह्यला तू. दवाखान्यात नेलं त्या दिवशी गाडीत बसता बसता म्हने, कूलर बंद करू नका, व्हिडिओचा पहिला भाग बनाले टाकला हाये. मी नाई केला बंद. ती तिकडं खाटेवर, अन् मी डबा न्यायले घरी आलो का आधी कूलरच्या टाकीत पानी. ती गेली त्याच्यानंतरबी टाकत राह्यलो. घरात पाव्हने, कोनी पाह्यलं नाई. कूलर चालूच.

नागसेन : पाणी घ्या, काका. घ्या न. ताई, तुमीबी.

अपेक्षा : नागसेनदादा, आतलं सगळं गेलं का?

नागसेन : नाई, नाई. हार्डडिस्क सलामत हाये. आत्ताच दुसऱ्या मशीनले लावून पाह्यली. प्रोसेसरही बरा दिसते. म्हणजे लग्नाचं सगळं शूटिंग हाये.

अपेक्षा : मग झालं तर! बाबा, मी माझा जुना लॅपटॉप देते तुम्हाला. तोही याच्यापेक्षा कितीतरी जोरात चालतो. हे ओझं कशाला परत न्यायचं?

अण्णाजी : तुहा लॅपटॉप तुह्यापाशी ठेव. नागसेन, तू बोर्ड दाखव. झेडवाला. अन् माह्या आवाक्यातला दाखवजो.

नागसेन : दाखवतो. हे तीन हाये. जुन्या प्रोसेसरचे बोर्ड आता कंपन्या बनवतच नाई, म्हणून नवीन म्हणान त बाहेरदेशचा हा एकच. डब्बाबंद. पण एचवाला. लावला का चालू होईन, स्पीड मात्र तेवढीच.

अण्णाजी : अन् हा?

नागसेन : हा झेडवाला. गेमिंग कॅफेतून आला, स्वस्त हाये. पण इथं बोट ठेवा. प्रोसेसरले करंट इथून जाते. याच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी असायले पाहिजे, गरमी खेचायले. याले नाई. स्पीड वाढवली का करंट वाढते, हा भाग तव्यासारखा तापते. आपल्या वर्ध्याच्या उन्हात हा मी माह्या दुश्मनालेबी नाई देणार.

अण्णाजी : तिसरा?

नागसेन : हाबी झेडवाला. पट्टी हाये, मजबूत हाये. मेमरीचे दोन खाचे मेलेले, दोन चालते. मागं वायरी लावाच्या जागची जाळी नाई. उंदीर जाऊ नाई म्हणून पत्रा ठोकून देईन.

अण्णाजी : तिनं कोनता घेतला असता?

नागसेन : हाच. पण मेलेल्या खाच्यावरून आधी मले चार गोष्टी सुनावल्या असत्या. वरून म्हटलं असतं, जाळी नाई त प्रोसेसरचा पंखा फुकट दे.

अण्णाजी : हं. म्हटलं असतं.

अपेक्षा : बाबा, मी वाईट अर्थानं विचारत नाही. पण स्पीड वाढवून तुम्ही करणार काय? व्हिडिओ कापायला, जोडायला तुम्हाला येतं का?

अण्णाजी : नाई येत. मी लाइट धरो. ती कॅमेरा घेई अन् मांगून माहा हॅलोजन. हळदीच्या खोलीत सगळ्या बाया, म्हनूनच त लोकं तिले बलावत. बाईमानूस शूटिंगवालं. मी दाराबाहेर उभा राहो, तोंड इकडं फिरवून, अन् नुसता हात आत. ती आतून ओरडे, अवो, वरतं धरा, नवरीचं लगन हाये, भिंतीचं नाई!

अपेक्षा : मला माहीत आहे. माझ्या हळदीलाही असंच ओरडली होती.

अण्णाजी : अन् व्हिडिओ बनाले टाकला का हे मशीन रातभर घरघर करे. ती उठून उठून पाहे. कितीक झाला, अटकला त नाई. म्हने, एकदा याले जोरानं चाललेलं पाह्यचं हाये. दुसरं काई मांगितलं नाई तिनं. साडी नाई, काई नाई. नागसेन, हाच लाव.

नागसेन : लावतो. बसा तुमी. ताई, तो पंखा काकाकडं फिरवा जरा.

अपेक्षा : बाबा, डोळे मिटा हवं तर थोडा वेळ. सकाळपासून नुसत्या चहावर आहात.

अण्णाजी : ते कूलरचं बोलल्यावर आता काय झोप येते?

नागसेन : काका, या इकडं. बसवला बोर्ड, सुरू झाला पाहा.

अपेक्षा : आवाज तोच आहे.

अण्णाजी : पंखा त तोच हाये ना.

नागसेन : अन् हे पाहा. पहिला भाग पुरा बनलेला हाये. अटकला नाई कुठंच. त्याच्या मागून बंद पडलं मशीन.

अण्णाजी : पुरा बनला?

नागसेन : पुरा.

अण्णाजी : मंग कूलरनं काम केलं म्हना.

नागसेन : आता बोला. स्पीड वाढवू का? इथंच करून दाखवतो. पण आधी सांगून ठेवतो. बाहेर आग हाये, प्रोसेसर म्हातारा हाये. शंभरातून नव्वद वेळा काई होत नाई. उडला त तसाच दुसरा मी आणून देईन. पण तो काकूनं घेतलेला नाई राह्यणार.

अपेक्षा : वाढवा, बाबा.

अण्णाजी : तूच त म्हनत होती, काय करणार म्हनून.

अपेक्षा : म्हणत होते. पण आईला पाहायचं होतं ना? मग पाहू आपण. मीही आहे आज. उद्या गाडी आहे माझी, मग तुम्ही एकटेच बसाल याच्यासमोर.

अण्णाजी : तिले पाह्यचं होतं, बाई. मले कुठं पाह्यचं होतं?

अपेक्षा : मग झेडवाला घेतला कशाला?

अण्णाजी : तिनं सांगितला होता म्हनून. नागसेन, राहू दे आज. पानी पडलं, जरा थंड झालं का घेऊन येतो.

नागसेन : नक्की येजा, काका. अन् आता हे मशीन कूलरसमोर नका ठेवू.

अण्णाजी : कूलर मी भिंतीकडं फिरवला.

नागसेन : बरं. ओमप्रकाशभाऊ काल इकडूनच गेले. तुमचा विषय काढला होता. पुढचा भाग इथं माह्याकडं करायचा असन त तसं सांगा, माह्याकडं एक जण हाये कापाकापीवाला.

अण्णाजी : त्याले आमची लाइट कुठं पडली, कुठं भिंतीवर गेली, काय समजन? पाहीन मी. अपेक्षा फोनवर सांगन कसं करायचं ते.

अपेक्षा : सांगेन.

नागसेन : मंग ओमप्रकाशभाऊले काय सांगू?

अण्णाजी : सांगजो, बोर्ड बसला. स्पीड तेवढीच हाये. अन् व्हिडिओ नवरी मांडवात येईवर झाला हाये, पुढचा राह्यला.