क्विटोत मायलेकी

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक शाळेतल्या खेळाच्या मॅडम, वंदनाताई, दक्षिण अमेरिकेतल्या क्विटोहून, मुलीकडून नुकत्याच परतलेल्या. दुसऱ्या त्यांच्या शेजारीण, मालूबाई.

"ताई, तिकडे तुम्ही मॅरेथॉन पळाल्या म्हणे?"

"पळाले कुठली! ते शहर इतक्या उंच डोंगरावर, की दहाव्या किलोमीटरलाच श्वास पुरेना."

"मग बसून जायचं ना!"

"बसलेच. रडूच आलं. पोरीला फोन केला, म्हटलं, गाडी घेऊन ये."

"आली?"

"आली, पण पायीच. म्हणाली, आई, आता पळायचं नाही, माझ्यासोबत चालायचं."

"उरलेले बत्तीस किलोमीटर पैदल?"

"हो ना. पोचलो तेव्हा मंडपसुद्धा काढून नेला होता. झाडूवाल्यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या."

"अरे देवा! पण इतका वेळ दोघी बोलल्या काय?"

"आधी वीस किलोमीटर तिची सासू. मग लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं विचारलं, 'आई, तुझी सासू कशी होती गं?'"

"फिर?"

"फिर काय, रस्ता कमी पडला, मालूबाई."