सकाळी सव्वासातचा वर्ग

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले तपासणी अधिकारी साहेब, मुख्याध्यापक, सहकारी, पालक, विद्यार्थी आणि जिच्या निरोपासाठी हा सारा खटाटोप आहे, पण जिने "भाषणं आवरती घ्या" असं मला आधीच बजावलं आहे, ती आमची गणिताची ताई,

मी विज्ञानाचा माणूस, मोजूनमापून बोलेन. तरी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. साहेबांची परवानगी आहे असं मी गृहीत धरतो. गृहीत धरणं आमच्या विषयात चालतं.

तीन वर्षांपूर्वी गणित-विज्ञानाचे नवे अभ्यासक्रम आले. म्हणजे परिपत्रक आलं. पुस्तकं सहामाही परीक्षेच्या सुमारास पोचली. प्रयोगशाळेला बारा सूक्ष्मदर्शक मिळाले. त्यांची भिंगं वेगळ्या खरेदीत होती, ती अजून वाटेत आहेत. तीन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. प्रशिक्षकांच्या हाती पुस्तक आदल्या संध्याकाळी पडलं होतं, त्यामुळे पहिला दिवस आम्ही टाळ्या वाजवून अपूर्णांक शिकलो. ताईंनी विचारलं, की नववीचं पुस्तक ऋण घातांक येतात असं धरून चालतं, ते नव्या आठवीत आहेत. पण आमची मुलं तर जुन्या आठवीतून आली आहेत, त्यांचं काय? प्रशिक्षकांनी प्रश्नाचं कौतुक केलं, तो चिठ्ठीवर लिहून घेतला आणि 'शंकांच्या फलका'वर चिकटवला. तिसऱ्या दिवशी फलक गुंडाळून नेला.

त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला वर्गात. दहाचा उणे सातवा घात फळ्यावर लिहिला, तर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, उणे सात वेळा गुणायचं म्हणजे कसं?" वीस वर्षांची माझी नोकरी, पण त्या क्षणी खडू खाली ठेवावासा वाटला. मधल्या सुट्टीत ताईंना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून सव्वासातला वर्ग सुरू केला. शाळा आठची. एक्केचाळीस मुलं, एक फळा आणि जुनी आठवी आणि नवी नववी या दोन पुस्तकांच्या मधे हरवलेला एक धडा.

महिनाभरात तपासणी आली. साहेब लवकर येणारे. दारात उभं राहून त्यांनी हस्तपुस्तिका उघडली आणि विचारलं, हे कुठल्या पानावर आहे?

"कुठल्याच नाही," ताई म्हणाल्या, "म्हणून तर शिकवतेय."

आठवड्यात नोटीस आली : अभ्यासक्रमबाह्य अध्यापन, खुलासा करावा. शिवाय पुढच्या वर्षी नववीचा वर्ग काढून घेण्याचा इशारा. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या बाईला हे लागलं नसेल? लागलं. मग त्यांनी खुलासा लिहिला, एकाच वाक्याचा : नववीचा पहिला उदाहरणसंग्रह जुन्या आठवीच्या आधारे सोडवून दाखवावा, वर्ग लगेच बंद करते. सोबत दोन्ही पुस्तकं जोडली.

साहेबांनी ती घरी नेली. त्यांची मुलगी नववीत होती, दुसऱ्या शाळेत. त्या घरात काय घडलं ते साहेब सांगतील तर सांगतील. मी एवढंच पाहिलं, की चौथ्या दिवशी सव्वासातला साहेब दारात उभे, शेजारी दप्तर घेतलेली मुलगी.

"ही मागे बसली तर चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढे बसू दे," ताई म्हणाल्या. "मागून फळा दिसत नाही."

नोटीस मात्र मागे घेतली गेली नाही. नोटीस मागे घेण्याचा नमुना कार्यालयात उपलब्ध नाही. इशारा खरा झाला नाही, एवढंच. पुढल्या वर्षी तोच हरवलेला धडा 'सेतू पुस्तिका' म्हणून छापून आला. समितीत अकरा नावं आहेत. ताईंचं शोधू नका, मी शोधलंय.

काल आणखी एक परिपत्रक आलं : आता दहावीचं विज्ञान बदलतंय. ताईंनी मला विचारलं, तुझ्या पुस्तकात काय राहिलंय? मी म्हटलं, अजून उघडलं नाही. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. सहा ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. विषय त्यांचा नाही, निवृत्तीला एक दिवस उरलेला, आणि बाईंनी माझं पुस्तक माझ्याआधी वाचलं होतं.

सोमवारपासून सव्वासातला मी वर्गात असेन. साहेब, हस्तपुस्तिका आणू नका.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला शब्द टोचला असेल तर तो माझ्या खात्यावर मांडा आणि ताईंना मोकळं सोडा.