दोन सूत कड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील वाचनालय मंडळाचे सन्माननीय सदस्य, सत्कारमूर्ती तोतारामनाना आणि समोर बसलेल्या वाचक बंधुभगिनींनो,

ग्रंथपाल म्हणून नानांच्या शिस्तीचा अध्यक्षांनी गौरव केला, ते योग्यच झालं. एकवीस वर्षं मी त्यांची सहायक. ती शिस्त मी सोसलेली आहे.

पण नानांचं खरं वेड मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होतं. धुळ्याला, रावेरला, कुठेही कुणी सायक्लोस्टाइल करून, हातानं शिवून कवितेची पुस्तिका काढली की नानांचं पोस्टकार्ड जायचं : एक प्रत आम्हांस पाठवावी. एकीत अक्षरं गरगर फिरलेली, एकीच्या पानांना भोकं, एक काडेपेटीत मावणारी. आपल्या मंडळाला त्यात कविता कधी दिसली? मलाही दिसली नाही, खोटं कशाला बोलू?

एक मात्र मला कळायची. भडगावच्या अभिमनची. तो इथं जळगावातच छापखान्यात कंपोझिटर होता. बोटभर जाडीची पुस्तिका, आत एक अक्षर नाही. प्रत्येक पानाच्या अगदी कडेला शाईचा एखादा ठिपका, एखादी रेघ. पुस्तिका मिटून जराशी वाकवली की कडेवर गिरणा उमटायची, आणि काठावर धुणं धुणारी बाई. ती त्याची आई, भिकुअक्का. अक्कांना अक्षरओळख नाही. आईला वाचता यावी म्हणून त्यानं ती तशी केली होती.

चौऱ्याऐंशी साली अभिमन विषमज्वरानं गेला. त्यानं तीनच प्रती केल्या होत्या. दोन कुठे गेल्या ते नानांनाही कळलं नाही. तेव्हापासून दर वर्षी त्याच्या तिथीला अक्का एसटीनं येतात, नानांच्या टेबलापाशी उभ्या राहून पुस्तिका वाकवतात, पाहतात आणि चहाही न घेता परत जातात.

आता माझं सांगते. बांधणी नसलेलं पुस्तक दप्तरी लागत नाही आणि मोजणीच्या वेळी रद्दीत जातं, हा आपलाच नियम. नाना निवृत्त झाल्यावर कपाट कोण सांभाळणार? म्हणून ते रजेवर असताना मी सगळ्या पुस्तिका मगनभाऊ बाइंडरकडे पाठवल्या. नानांना निरोपाची भेट म्हणून. मगनभाऊंचा दोष नाही, त्यांनी येऊन विचारलं होतं, "बाई, एकीनी कड शाईमुये खराब शे. दोन सूत कापू का?" मी घाईत होते. पाव इंच तर जातंय, कापा म्हटलं, आणि सगळ्यांच्याच कडा साफ करा म्हटलं.

ती कड अभिमनच्या पुस्तिकेची होती हे कळलं तेव्हा कात्रणं शोधायला धावले. ती खळ शिजवताना चुलीत गेली होती.

नानांनी पुस्तिका वाकवून पाहिली आणि खाली ठेवली. मला एवढंच म्हणाले, "आता अक्काले काय सांगू?" त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

आज नानांच्या निरोपाला अक्का मुद्दाम आल्या. दुपारी त्यांनी पुस्तिका मागितली. लाल कापड, वर सोनेरी नाव. त्यांनी ती वाकवली, खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा वाकवली. मग म्हणाल्या, "मनी नजर गई व्हई, बाई. माले काहीच दिखत नही." नाना माझ्याकडे पाहत होते. आणि मी, एकवीस वर्षं पुस्तकांत काढलेली बाई, म्हणाले, "वय झालं, अक्का."

अक्का तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मला इथे उभं केल्याबद्दल मंडळाची आणि ऐकून घेतल्याबद्दल आपली मी आभारी आहे. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल तर पोटात घाला. तेवढंच माफ करण्यासारखं आहे. बाकीचं अक्कांना सांगते आणि खाली बसते.

अक्का, तुमनी नजर गई नही. कड मी कापी.