दोरीवरचं टोपडं

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीण मासिक उघडून बसली होती, पण पान काही उलटत नव्हतं. कान शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडे होते.

"नातवासाठी विणलेलं टोपडं अजून बागेतल्या दोरीवरच?"

"धुऊन नाडीनं बांधलं होतं गं. बाळ पोटातच गेलं. मी काढायला गेले, तर सून म्हणाली, राहू द्या."

"मग?"

"मग काय, चिमणीनं त्यातच घरटं केलं!"

"अगंबाई! हाकललं नाहीस?"

"कशी हाकलू? तोंडातून शब्द न काढणारी पोर आता दिवसभर खिडकीत असते. काल तर ओरडलीच, 'आई, लवकर या, पिल्लं आली!'"

"आणि तू इकडे कशी?"

"चष्मा करायला. तिला पिल्लं दिसतात गं. मला अजून टोपडंच दिसतं."