दोन कॉलेजांची पत्रं

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपीकाका आणि त्यांची मुलगी उभे होते. मुलीच्या हातात दोन मेडिकल कॉलेजांची पत्रं होती.

"हे कॉलेज चांगलं आहे ना?"

"नावाजलेलं आहे, बाबा. घरापासून तासाभरावर."

"मग झालं तर."

"पण ते निम्मीच फी माफ करतायत. उरलेल्या फीसाठी तुम्ही दुकान गहाण ठेवणार."

"दुकान कुठे पळून जातंय? मी आहे, मशीन आहे."

"सुईत दोरा ओवायलासुद्धा मला हाक मारता तुम्ही."

"ते जाऊ दे. दुसरं कॉलेज काय म्हणतंय?"

"सगळी फी माफ. राहणं-जेवणही त्यांचंच. फक्त नंतर पाच वर्षं त्यांच्याच दवाखान्यात नोकरी करायची."

"आणि ते आहे कुठे?"

"दोन दिवसांच्या प्रवासावर."

"मग नकोच. एवढ्या लांब कोण पाठवतं?"

"बाबा, मी काल त्यांना होकार कळवला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"मग आज मला इथे कशाला आणलंस?"

"तुमचा कर्जाचा अर्ज मागे घ्यायला. त्यावर तुमचीच सही लागते."

रांग सरकली तसे काका पुढे सरकले.

"म्हणजे शिक्षण धरून दहा-अकरा वर्षं."

"सुट्टीत येईन ना."

"दोन दिवस यायला, दोन दिवस जायला. राहशील किती?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला काका, काय काम आहे?"

"मुलगी डॉक्टर होतेय," ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "कर्ज नको आहे आता."