राजाचा झगा

कापडाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक पोक्त, एक तरुण.

“काकू, राजाचा झगा झाला का? फुकट शिवत असलो तरी नाटक परवावर आलंय!”

“कधीच झाला. राजा मापाला येईना, म्हणून आमच्या ह्यांच्या अंगावरच बेतला.”

“मग द्या की!”

“हे काढतील तेव्हा ना!”

“म्हणजे?”

“रिटायर झाल्यापासून खुर्चीतून हलत नव्हते गं. काल झगा घातला, आरशात बघितलं, दाढी केली, आणि मला म्हणाले, आज चहा मी करतो.”

“अगंबाई! आणि आपला राजा?”

“त्याला दुसरा शिवते. त्याच मखमलीसाठी तर उभी आहे.”

“काकू...”

“काय गं?”

“ह्या वेळी माप आमच्या बाबांचं घ्याल?”